शेवटाचा दाणा

३ नोव्हेंबर
पातूरहून अमरावतीला आले, नातीच्या, वर्षालीच्या घरी. मला अक्षर येत नाही; मी बोलते, ती लिहिते. माझी बोली सुधारून घेते म्हणाली. घे बाई, शिकलीस त्याचा तेवढा तरी उपयोग. गॅलरीत माझ्यासाठी वांग्याची रोपं आणून ठेवलीत. माळ्याची म्हातारी रिकामी बसली की भांडणं उकरते, हे तिला ठाऊक.
तिचा भाऊ शेखर तिवशाजवळ गाडीच्या अपघातात गेला, त्याला वर्ष होत आलं. त्याची खोली आता माझी. लहानपणी तो माझ्याच गोधडीत घुसायचा. "आजे, सरक जराशी." सरकून सरकून मी भिंतीला लागायची.

५ नोव्हेंबर
टेबलावर शेखरची अर्धी राहिलेली सर्किटची पाटी आहे. बहीण-भाऊ मिळून करत होते, आता वर्षाली एकटी पुरी करते आहे. तळहाताएवढी, हिरवी. खालून तांब्याचा सलग पत्रा, वर शेजारी-शेजारी दोन बारीक पट्ट्या. एकीवर शेखरनं स्वतःचं अक्षर कोरलंय, दुसरीवर बहिणीचं. पट्टी नि पत्रा यांच्या मधून लहर धावते म्हणे, पाटातल्या पाण्यासारखी. पट्ट्या एकमेकींना शिवत नाहीत, तरी एकीतलं दुसरीत झिरपतं. जेवढं तिकडे जातं तेवढं इकडे कमी होतं. मी म्हटलं, आमच्या गल्लीतल्या बायाच की या. वर्षाली हसली. फार दिवसांनी हसली असावी, तोंड अवघडलेलं दिसलं.

८ नोव्हेंबर
पाटी पुसताना शेखरच्या पट्टीच्या टोकाला तिळाएवढा काळा दाणा चिकटलेला दिसला. मळ्यात बुजलेला पाट दिसला की माझा पाय आपोआप तोंड मोकळं करतो. इथे सुरीनं केलं. कचरा झाडून टाकला.
वर्षालीनं येऊन कपाळाला हात लावला. तो दाणा म्हणजे शेवट. आलेली लहर तो गिळतो. तो नसला तर लहर टोकाला आपटून मागे फिरते. उद्या दुसरा आणून सोल्डर करते म्हणाली. मग पाटीला लहर मोजायचं मशीन लावलं. काही धाडलं नव्हतं, तरी पडद्यावर परतीची लहर उमटली.

११ नोव्हेंबर
मशीनची पिन काढली, तरी पाटीतून शीळ येते. भर दुपारी. शेखर खाली गाडी लावताना घालायचा, तीच. वर्षाली कान लावून बसते, कॉलेजात जात नाही. नवा दाणा बसव म्हटलं.
"राहू दे ना आजी. त्याले येऊ दे."
मीही रेटलं नाही. मलाही तर—

१३ नोव्हेंबर
आज बोलला. भूक लागली म्हणाला. मी भाकरी टाकली, ठेचा केला— वेडी मी. ताट पाटीपुढं ठेवलं.
वर्षालीच्या बोटांत पेन ठरत नाही. हात थंडगार. त्याचा आवाज भरतो तसा हिचा बारीक होतो. तिच्या पट्टीतून तिकडे—

१४ नोव्हेंबर
वर्षाली उठत नाही. मोबाईल माह्यासमोर ठेवला, म्हणे बोल, हाच लिहीन. आता सुधारणारं कोणी नाही. दाणा कुठं आणलाच नाही तिनं. जुना मीच झाडून—
डॉक्टर येऊन गेला. म्हणे, काहीच नाही. मंग काहून गार पडून राहिली ते?

१५ नोव्हेंबर
अंगठा ठेवला त्याच्या पट्टीच्या टोकावर, दाण्याच्या जागी. जिंदगीभर सही केली त्यानं.
शीळ थांबली. वर्षालीचा हात गरम होऊन राहिला माह्या हातात. पोट्टी म्हणे, आजी, चहा दे.
माहा अंगठा गार. मंग मनगट. कोपर—
तो रडून राहिला. अंधार आहे म्हणते. कसा काढू अंगठा, सांग बाबू. तूही माहा, तेही माहीच—
गिळाच लागते ना कोणाले तरी—
खांद्यापाशी आला. लहान होता तसाच बोलून राहिला.
"आजे, सरक जराशी."
सरकली ना बाबू. भिंत आली रे, आता कुठं—