पुढे सरकवलेलं तबक

पप्पा, आज चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणून लिहायला बसलोय. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी भाकरीच्या तुकड्यांचं ते तबक बाकावरून हातोहात येताना दिसलं की माझा हात आपोआप मांडीखाली जातो.

दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं ते अभ्यास जड गेला म्हणून नव्हे, हे तुम्हाला ठाऊक होतं. माझा जीव जडलेल्या उचगावच्या त्या मुलीचं लग्न निपाणीत ठरलं आणि मी कॉलेजच्या गेटवर तिच्या भावाचं नाक फोडलं. शिरोलीच्या फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, तुम्ही साचे भरायचात, तिथंच मला हाताखाली घेतलंत. तिच्या लग्नाच्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. साचा गार व्हायच्या आत मी तो घणानं फोडला आणि आतली पंपाची बॉडी तडकली. "गार हू दे की रं! लोखंडाला बी दम खाऊ द्यायचा असतोय," एवढंच तुम्ही म्हणालात. सुपरवायझर आला तेव्हा मात्र पुढं झालात, "माझ्या हातनं फुटलं, सायेब." तो हसतोय, "म्हातारं झालासा मामा, आता नातवंडं खेळवा," आणि तुम्ही मान खाली घालून उभे आहात. मला ते सोसलं नाही. सगळ्यांसमोर ओरडलो, "कुणी सांगितलंतं मधी पडाय? थुंकतो मी तुमच्या उपकारावर!"

कुणाशी मन फाटलेलं असेल तर ते सांधल्याशिवाय प्रभूची भाकर घ्यायची नाही, ही आपल्या घरची रीत. पुढच्या प्रभुभोजनाला तुम्ही तबक तसंच पुढे सरकवलंत. घरी आई चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, चूक पोराची, आन् उपाशी तुम्ही व्हय?" तुम्ही म्हणालात, "त्यो बोलंना तवर माझ्या गळ्याखाली उतरंल व्हय ती?" मी दाराआड उभा होतो. 'चुकलो' एवढा एकच शब्द हवा होता. पाच महिने तबक पुढे सरकत राहिलं आणि मी तो शब्द दाताखाली धरून बसलो.

मग फौंड्रीतल्या धुळीनं तुमची छाती धरली. दवाखान्यात चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर घेऊन आले, तर तुम्ही म्हणालात, "पोराला बोलवा, मग घेतो." मी निपाणीत होतो, तिच्या सासरच्या घरासमोर, चहाच्या टपरीवर. एक मित्र मोटरसायकलवरून निरोप घेऊन आला. मी पोचलो तेव्हा खाटेवर चादर ओढलेली होती आणि तो तुकडा टेबलावर रुमालात वाळत होता.

पुढं मी स्वतःचं वर्कशॉप काढलं. लोक शेठ म्हणाले, झोप लागली नाही. मग ते बंद पडलं, लोकांनी ओळख द्यायचं सोडलं, तेव्हाही लागली नाही. मागच्या आठवड्यात तेच पाळकसाहेब काठी टेकत घरी आले. म्हणाले, "तुझा बाप चुकला, आणि मी त्याला तसं सांगितलं नाही, ही माझी चूक. सगळं निस्तरून मग जेवायला बसायचं, असं हे ताट नाही रे. आपल्याच्यानं निस्तरत नाही म्हणून तर प्रभूनं ते वाढलंय. भूक लागलीया नव्हं? मग घे की."

आज घेतला तुकडा. कोरडा होता, घशाशी अडकला. आभाळबिभाळ काही उघडलं नाही. घरी येऊन भिंतीला टेकलो आणि तसाच झोपलो, दोन तास, भर दुपारी. उठलो तेव्हा आई पायाशी बसून तांदूळ निवडत होती. तिनं उठवलं नव्हतं.

तिलाही मी आजवर हेच सांगत आलो की त्या दिवशी निरोप उशिरा मिळाला. हे पत्र बायबलात ठेवीन, तिला वाचता येत नाही. पप्पा, मित्र सकाळीच निपाणीत आला होता. मीच त्याला म्हणालो, "थांब जरा, ती एकदा दारात येऊ दे, मग निघू." दुपार झाली. ती आली नाही.