सत्तावन्न टक्क्यांची जिन

४ ऑक्टोबर

प्रिय ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की तू पाठवलेल्या जिनच्या बाटलीचं बूच आमच्या घरातल्या एकाही हत्याराला दाद देईना. चमचा वाकला, कात्रीचं टोक गेलं, आणि शेवटी तुझ्या भावजयीने ते दातांनी उपसून काढलं. तेव्हापासून घरात माझी जी काही पत होती ती त्या बुचासोबत गेली आहे.

मग एक घोट घेतला. आधी आपल्या टेकडीमागचं सगळं रान आलं: जिनला वास देणारी जुनिपरची फळं, पाइनचे कोवळे कोंब, रानपुदिना. वाटलं, वा. त्यामागून आग आली. कान तापले. बाटली फिरवून पाहिलं तर सत्तावन्न टक्के. ताई, मी विमा कंपनीत आगीचे दावे तपासतो. तुझ्या शेडमध्ये भट्टी, मद्यार्काची पिंपं आणि मावशी एका छपराखाली असतात, आणि तिघांपैकी कोण कधी भडकेल याचा नेम नाही. चार लोकांसारखी चाळीस टक्क्यांची कर की. लोक जिन पितात, तिच्यावर शेकत बसत नाहीत.

लोभ आहेच, तो दुसऱ्या बाटलीने वाढवू नये ही विनंती.

तुझा,
धाकटा

९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, भावजयीच्या दातांना जरा जास्त.

बावीस वर्षं औषधांच्या दुकानात मी मापाने काढली. माझं माप मला शिकवू नकोस. सत्तावन्न आहे ते सत्तावन्नच राहणार. का, ते तुला समजावत बसायला आत्ता वेळ नाही. येत्या शनिवारी तळ्याकाठचा हॉटेलवाला चव घ्यायला येतोय. त्याने माल घेतला तर शेड माझी. नाही घेतला तर महिनाअखेरीस किल्ली मालकाला द्यायची आणि मी परत दुकानात खोकल्याचं औषध विकत उभी. दुकानाचा जुना मालक रोज विचारतो की ताई, तुमचं स्टूल काढून टाकू की ठेवू. इतक्या प्रेमाने विचारतो की त्याला ते स्टूलच फेकून मारावंसं वाटतं.

मावशी जोरात आहे. गुडघे कुरकुरतात तरी जुनिपरच्या काटेरी झुडपांत पहाटेच शिरते, आणि हिरवी फळं सोडून फक्त निळी पिकलेली खुडून आणते. काल शेजारी अचानक जेवायला आले तर नेहमीप्रमाणे तिने सूपमध्ये दोन तांबे पाणी ओतलं आणि सगळ्यांना पुरवलं. चवीचं कोणी बोललं नाही, बोलायची कोणाची छाती?

काळजी करू नकोस, केलीस तरी तिकडेच कर.

ताई

११ ऑक्टोबर

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

हे पत्र ताईला दाखवू नकोस. ती माझं ऐकत नाही, तुझे हात तरी ऐकतील. जिन फार कडक झाली आहे. एक घोट घेऊन हॉटेलवाला ठसकला तर शेड गेलीच म्हणून समज. पाहुणे वाढले की तू पातेल्यात घालतेस तसं थोडं पाणी त्या बाटल्यांतही पडलं तर कोणाला कळणार आहे? तू समजूतदार आहेस.

कृपा आहे, ती गुपचूप असू दे.

तुझा लाडका

१६ ऑक्टोबर

धाकट्यास आशीर्वाद.

बसून वाच. हॉटेलवाला एकटा यायचा होता, तो आचारी आणि हिशेबनीस घेऊन आला. मी चहाचं बघायला आत गेले. बाहेर येते तर टेबलावरच्या माझ्या काचेसारख्या जिनच्या बाटल्या ताकासारख्या पांढऱ्या. हॉटेलवाल्याने एक उजेडात धरली आणि विचारलं की ही अशीच असते का. मावशी शांतपणे म्हणाली की माणसं वाढली, म्हणून मी पाणी घातलं.

मी पाहुण्यांसमोर तिला नाही नाही ते बोलले. मग मागच्या फळीवरची हात न लावलेली बाटली आणली आणि सांगितलं की पानाफळांचं तेल कडक जिनमध्ये विरघळून बसतं. पाणी पडलं की ते बाहेर येतं आणि ढग होतो. म्हणून सत्तावन्न. चाळीस करायची तर निम्मं रान बाहेर ठेवावं लागेल.

त्याने ग्लासात जिन घेतली आणि स्वतः पाणी ओतलं. ढग झाला. दुसरा ग्लास घेतला, पुन्हा ढग. आचाऱ्याने हिसकावून तिसरा केला. तिघे प्रौढ पुरुष पोरांसारखे ढग करत बसले होते, आणि प्रत्येक ढग पिऊनही टाकत होते. शेवटी हॉटेलवाला म्हणाला की बाकीच्यांच्या बाटल्यांत मी पाणी ओततो तर नुसती पातळ जिन होते. गिऱ्हाइकाच्या टेबलावर हाच खेळ करायचा. पहिला घाणा तर घेतलाच, थंडी पडायच्या आत तेवढाच आणखी मागितला आहे.

शेड राहिली. पण फळं कोण खुडणार? मावशीने हातमोजे खुंटीला टांगले आहेत आणि माझ्याशी बोलत नाही. हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं असं विचारलं, तर म्हणाली की माझं डोकं भरलेलंच असतं.

माया कमी होऊ देऊ नकोस, इथे एकीची आधीच झाली आहे.

ताई

१७ ऑक्टोबर

चि. लाडक्यास आशीर्वाद.

तुझं पत्र शेगडीत घातलं. नाव सांगितलं नाही. म्हातारीने पाणी घातलं तर लोक हसून सोडतात, विम्याच्या साहेबाने घातलं असतं तर ताईने तुला उभ्या जन्मात दारात घेतलं नसतं. ती चारचौघांत बोलली ते मात्र लागलं. गुडघेही आता खरंच नको म्हणतात.

सुखी राहा, आणि मला पुन्हा समजूतदार म्हणू नकोस.

मावशी

२१ ऑक्टोबर

प्रिय ताईस सा. न. वि. वि.

हॉटेलवाल्याबद्दल अभिनंदन. तुझी भावजय म्हणते की आता बूच बदल.

मी आठवडाभराची रजा टाकली आहे. साहेबांनी कारण विचारलं, तर आगीची पाहणी म्हणून सांगितलं. शुक्रवारच्या गाडीने येतो. जाड हातमोजे घेतले आहेत. मावशीची खुर्ची झुडपांपाशी नेऊन ठेव. तिने पांघरूण घेऊन बसावं आणि मी खुडलेलं प्रत्येक हिरवं फळ वर करून मला दाखवावं, जरूर तर हॉटेलवाल्याला बोलावून त्याच्यासमोर दाखवावं. तिच्या वाटची सगळी झुडपं यंदा माझी. का, ते तिला ठाऊक आहे. तू विचारू नकोस.

भेटीत लोभ दिसेलच, काटे निघाल्यावर.

धाकटा