रवीवरचा आळ

कोपरगाव,
२८ ऑक्टोबर २०२५

चि. काकासाहेब यास,
मालनताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्रच लिहायला बसले, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तुला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलावं तर आमची सगळी आळी ऐकते. कानाचं यंत्र तू कपाटात जपून ठेवलंयस असं पूजा सांगत होती. कुणाच्या लग्नात घालणार आहेस?

भाऊबीजेला आले नाही म्हणून रागावू नकोस. रवीला घेऊन आम्ही पुण्याला होतो. तो न्हाणीघरात पडला, तेव्हापासून त्याच्या भावानं, चेतननं मोठ्या डॉक्टरचा हट्टच धरला होता. मागच्या महिन्यात तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून गोळ्या सुरू केल्या आणि रक्त घेतलं. आता त्याचा रिपोर्ट आला. रवीला पार्किन्सन आहे, आपण कंपवात म्हणतो तो. मी म्हटलं, अहो, तो म्हाताऱ्यांना होतो, माझा मुलगा एकतीस वर्षांचा आहे. त्या म्हणाल्या, घराण्यातून आलेला असला की तरुणपणीच होतो.

त्यांनी कागदावर काढून समजावलं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक बिघडलेली असली तर माणूस धडधाकट राहतो, फक्त ती पुढं देऊ शकतो. दोन्हीकडून बिघडलेलीच आली तर हा आजार. मग त्यांनी विचारलं, तुमचं लग्न नात्यात झालंय का? मी आणि हे आते-मामे भावंडं, आपल्या आईलाही बाबांच्या नात्यातूनच आणलेली. आपण अभिमानानं सांगतो ते सगळं मी खाली मान घालून सांगितलं.

आता तुझ्या कामाचं. मार्गशीर्षात चेतन आणि पूजाचा साखरपुडा धरलाय. बाई म्हणाल्या, त्याआधी दोघांचं रक्त तपासा. तुझ्या मुलीबद्दल असं लिहिताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. रवीची थरथर आपण सगळे इतके दिवस दारूचीच समजत होतो, त्याला कोण काय करणार?

गोळ्यांनी रवीचा हात मात्र आठ दिवसांत थांबला. स्वतः चहा गाळून घेतो. वहिनींना नमस्कार, पूजाला आशीर्वाद. उत्तर लवकर टाक.

तुझी,
मालनताई


देवळाली प्रवरा,
५ नोव्हेंबर २०२५

ती. मालनताईस,
काकासाहेबचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. यंत्र घातलंय. त्यात आमच्या हिचं बोलणंसुद्धा ऐकू येतं, म्हणून काढून ठेवलं होतं.

ताई, तू लिहिलंस की आपण सगळे दारूच समजत होतो. मी समजत होतो, हे खरं. कारखान्यात वजनकाट्यावर त्याचं अक्षर मुंगीएवढं झालं, पाय ओढायला लागला, नशेत ड्युटी करतो म्हणून त्याला काढला, तेव्हा मीही त्याला नको नको ते बोललो. तुझी सून रेश्मा राहुरीला माहेरी निघून गेली, तेव्हा पोरीचं बरोबरच आहे म्हणालो. पण दोन वर्षांमागं दिवाळीत तू मला विचारलं होतंस, आपल्या थोरल्या कानिफदादाचा आधी कुठला हात थरथरायचा. मी उजवा म्हणालो आणि तू पटकन विषय बदललास. तुझं पत्र वाचल्यापासून मला तेच आठवतंय. ताई, तुला माहीत होतं का?

मला तुला जाब विचारायचा अधिकार नाही, तेही सांगतो. यात्रेच्या गावजेवणात दादा आमटी वाढत होता. पाहुण्याच्या धोतरावर सांडली. मी भर पंगतीत त्याच्या हातातली बादली हिसकावली आणि जास्त झाली असेल तर घरी जाऊन पड म्हणालो. त्याच्या तोंडाला वास नव्हता. मी इतका जवळ उभा होतो की मला ते तेव्हाच कळलं होतं. पण आत्याकडं तुझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, आणि बाबांनी बजावलं होतं की कुणी विचारलं तर दारू सांगा, रोग सांगू नका. दादा त्यानंतर कुठल्या पंगतीला आला नाही. विहिरीवरच्या खोलीतच वारला तो. त्रेचाळिसावं चालू होतं. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

पूजाला मी सगळं वाचून दाखवलं. रक्त द्यायला ती तयार आहे. पण तिनं निरोप दिलाय की लग्न होवो न होवो, रवीदादाचं नाव आधी आत्यानं स्वतःच्या तोंडानं स्वच्छ करावं. माझी मुलगी माझ्यापेक्षा शहाणी निघाली. भाऊजींना सा. न. कमी-जास्त लिहिलं असेल तर धाकटा म्हणून पदरात घे.

तुझा,
काकासाहेब


कोपरगाव,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. काकासाहेब यास,
मालनताईचे आशीर्वाद.

होय. मला माहीत होतं.

दोन वर्षांमागं नगरच्या एका डॉक्टरनं रवीला बाहेर बसवून मला सांगितलं होतं की हा कंपवात वाटतो, पुण्याला दाखवा. मी ती चिठ्ठी ब्लाउजमध्ये ठेवली आणि बाहेर येऊन रवीला सांगितलं की दारूनं तुझ्या नसा सैल झाल्यात. त्यानं हुरडा पार्टीत मित्रांबरोबर दोन-चार वेळा घेतली होती. तेवढ्यावर त्यानं विश्वास ठेवला. कारखान्याच्या साहेबांपुढं हात जोडून मीच म्हणाले की माझा मुलगा पुन्हा पिणार नाही. मला वाटायचं, दारू एका पोराची असते, रोग सगळ्या घराचा होतो. चेतनला कोण मुलगी देईल? तूही दिली नसतीस.

तुझं पत्र आल्यावर मी चार दिवस काही केलं नाही. मग शेजारची रंगुबाई आली. रवीचा हात थांबलेला सगळ्यांनी पाहिलाय, आणि मालनबाईनं पोराची दारू सोडवली म्हणून माझं गावभर कौतुक चाललंय. मी ते महिनाभर ऐकून घेत होते. हळदीकुंकवाला एकीनं माझ्या पायाला हातसुद्धा लावला. रंगुबाईनं पदर पसरला, म्हणाली, बाई, आमच्या मालकाला बी त्या गोळ्या द्या, तुमचं लई उपकार हुतील.

तेव्हा मला राहवलं नाही. तिला तिथंच सांगितलं की माझा मुलगा कधीच दारुडा नव्हता, त्याला आजार आहे, तो आमच्याच घराण्यातून आलाय, आणि दारूचं नाव मी लावलं, दोन वर्षं सगळं ठाऊक असून. रवी ओसरीवर बसला होता, हे मला माहीत होतं.

रंगुबाई गेल्यावर तो आत आला. मला वाटलं, नोकरीचं विचारेल, रेश्माचं विचारेल. त्यानं एवढंच विचारलं की आई, आठ दिवसांत हात थांबवणारी गोळी होती, तर ती दोन वर्षं मला का नाही दिलीस? मी म्हणाले, चेतनचं लग्न होईपर्यंत थांबले होते. त्यानं मान हलवली. बरं, म्हणाला.

तेव्हापासून तो गोळ्या माझ्या हातून घेत नाही. वेळेवर घेतो, पण स्वतः उठून घेतो. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर दुसऱ्या तांब्यातलं पितो.

चेतननं रक्त दिलंय. पूजाचं तू आणि ती ठरवा, नाही म्हणालात तरी मी एक शब्द काढणार नाही. मंगळवारी राहुरीला रेश्माच्या दारात जाऊन हेच सगळं पुन्हा सांगणार आहे.

पत्राच्या शेवटी लोभ ठेव म्हणून लिहायची रीत आहे. माझ्यावर नको. रवीवर ठेव.

मालन