विषाणूचं कुळ

अण्णा,

आज तुझा दहावा झाला आणि तुझ्या पिंडाला कावळा शिवला नाही. अप्पा म्हणाले, चिकपेटचं दुकान सांभाळू. आत्या म्हणाली, वर्षाचं सगळं नीट करू. कावळा ढिम्म. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तुझं काय अडलंय ते मला ठाऊक होतं आणि मी गप्प उभी होते. म्हणून लिहितेय.

घरात ठरून गेलंय की हा रोग मालतीवहिनीने आणला. तिचं ताट वेगळं, अंथरूण गच्चीवरच्या खोलीत. तेराव्यानंतर तिला हुबळीला माहेरी पाठवणार, कायमचं. आणि लोकांना सांगायचं, तू टीबीने गेलास.

काल आत्याने मला धरलं. "सुमे, तू त्या लॅबात आहेस नव्हे? स्वल्प बघून सांग, हिच्या रक्तातलं हे कुठल्या कुळातलं. आपल्यात असलं नव्हतं."

तुमच्या लग्नात गोत्र पाहिलं, पत्रिका पाहिली, देवक पाहिलं. आता विषाणूचंही कुळ हवंय!

सांगितलं मी. हा एचआयव्ही आफ्रिकेतल्या चिंपांझींकडून माणसात आला असावा, असं संशोधक म्हणतात. मग त्याच्या शाखा झाल्या, देशोदेशी वेगळ्या. एकाच माणसाच्या अंगातही तो बदलत राहतो. तुमचे दोघांचे नमुने ताडले तर ते जवळचे निघतील, पण कुणी कुणाला दिला हे त्यावरून ठरत नाही. आत्या म्हणाली, "सरी, बरं. म्हणजे तिचाच."

तेव्हाही मी बोलले नाही. मला कुठलं यंत्र लागणार होतं? साखरपुड्याआधी तुझं रक्त मीच तपासलं होतं, दोनदा, आणि दोन्ही वेळा पॉझिटिव्ह निघालं होतं. यशवंतपूर स्टेशनबाहेर चहा पिताना तू म्हणालास, "मालतीला मी सांगतो. तू कुणाला बोलू नकोस." मी लॅबचा नियम म्हणून गप्प राहिले. तू का राहिलास? अक्षता पडताना मी तुझ्याकडे बघत होते आणि तू फोटोवाल्याकडे. शेवटी तीच तुझं अंग पुसत होती, तरी तुला एक वाक्य बोलवलं नाही. भित्रा होतास तू. वहिनीचा रिपोर्टही माझ्याच हातून गेला, अण्णा. मीही तितकीच भित्री.

तेराव्याला सगळे जमतील. पानं वाढण्याआधी मी तुझ्या रिपोर्टची तारीख सांगेन, मग लग्नाची. मला ठाऊक होतं, हेही सांगेन. त्यानंतर मलाही गच्चीवर पाठवलं तर वहिनीशेजारी अंथरूण घालेन.

पिंडासमोर म्हणायचं राहिलं, ते आता म्हणते. मालतीवहिनीला मी सांभाळेन.

तुझी,
सुमी