ताईने पाठवलेलं बी

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही नव्या घरात राहायला आलो. भिंतींना अजून रंगाचा वास आहे आणि स्वयंपाकघराची खिडकी खांदा लावल्याशिवाय बंद होत नाही. पण मागच्या दारी माती आहे, ताई! पंधरा पावलं लांब, आठ पावलं रुंद. पस्तीस वर्षं टेलिफोनच्या खात्यात लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली, आता उरलेली मातीत हात घालून काढायची असं ठरवलंय. आमचे घड्याळजी दुकानात घड्याळं दुरुस्त करता करता म्हणतात, ही रोपांनासुद्धा जरा थांबा, लाइन मोकळी नाही असंच सांगेल.

डॉक्टरांनी त्यांना साखरेसाठी घरची ताजी भाजी खा असं बजावलंय, हे एक निमित्तच झालं. शेजारी एक निवृत्त कंडक्टर राहतात. त्यांच्याकडे मुळा, पालक, घेवडा असा काही माजलाय की बघून जीव जळतो. पण घरात तू असताना परक्याला कशाला विचारू? आईची बाग इतकी वर्षं तूच राखलीस. टोमॅटो, मिरची आणि वांगी लावायची आहेत. मला अगदी अआइईपासून सांग.

गुडघा काय म्हणतो? घड्याळजींचा नमस्कार. लोभ आहेच, पत्रही लवकर यावं.

तुझी,
ठकू


ता. ११ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून खूप हसले. गांडूळ दिसलं की पलंगावर चढून बसणारी तू, आणि आता मातीत हात घालणार! गुडघा म्हणशील तर माझ्याआधी उठतो आणि माझ्यानंतर झोपतो. शिवणाला दोन मुली येतात. एकीला सरळ टीप येत नाही आणि दुसरीला सरळ बोलता येत नाही.

आता नीट ऐक. एखाद्या गोठ्यातून शेण आण. ताजं, वाफाळतं हवं. जुनं कुजलेलं आणलंस तर त्यातला कस गेलेला असतो. प्रत्येक रोपाच्या मुळाशी ओंजळभर घाल, अर्धा देठ बुडेल इतकं. रोपं विकणारा वेगळं सांगेल, त्याला त्याची खताची पोती खपवायची असतात. आणि त्या कंडक्टरांना आपल्या युक्त्या सांगत बसू नकोस. बागवाले लोक ऐकून घेतात आणि मागे हसतात.

मेहुण्यांना जप. त्यांना माझा आशीर्वाद सांग आणि तुझी खुशाली कळवत जा.

तुझी,
ताई


ता. ६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काय सांगू तुला. छत्तीसच्या छत्तीस रोपं गेली. चार दिवस छान उभी होती, मग पानांच्या कडा तपकिरी झाल्या आणि पाचव्या दिवशी सगळ्यांनी माना टाकल्या. उपटून पाहिली तर मुळं जळलेल्या दोऱ्यासारखी काळी. तू सांगितलंस तसंच सगळं केलं होतं गं. गोठ्यातून पाच टोपल्या शेण मी स्वतः आणलं, कंबर अजून दुखतेय. घड्याळजींनी जुन्या घड्याळांच्या पितळी तबकड्या कापून प्रत्येक ओळीला नावाची पाटी केली होती. आता नुसत्या पाट्याच उभ्या आहेत.

कंडक्टरांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, की वहिनी, भाजी लावलीत की भाजलीत? मी घरात निघून आले. माझं नक्की कुठे चुकलं, ते सांगशील?

तुझी,
ठकू


ता. १८ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रडू नकोस. राग मानू नकोस, पण तुझा हातच जड आहे. लहानपणी तू पाणी घातलेली कुंडीसुद्धा महिनाभर टिकत नसे, आठवतं का? काही जणांच्या हाताला ते नसतंच. त्यात तुझा दोष नाही.

तरी हौस असेल तर काकडी लाव. वेल आपला आपण वाढतो, त्याला तुझ्या हाताची फारशी गरज नाही. एकच गोष्ट सांभाळ. वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात. काहींच्या मागे बोटाएवढी काकडी असते आणि काहींच्या मागे नुसता देठ. ती नुसत्या देठाची फुलं वांझ, फुकट रस पितात. रोज सकाळी उजाडताच एकूण एक खुडून टाकायची. एकही ठेवलंस तर काकडी धरणार नाही. याबाबतीत आळस करू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

कळावे. प्रकृतीला जप.

तुझी,
ताई


ता. १४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आळस केला नाही, शपथेवर सांगते. पावसात छत्री मानेत धरून रोज फुलं खुडली. घड्याळजी ओट्यावर बसून मोजायचे. एका सकाळी त्रेपन्न झाली, तर म्हणाले की बाईसाहेबांनी आज विक्रम केला. वेल तर छपरावर चढले. पण एकही काकडी धरली नाही. करंगळीएवढ्या होतात, पिवळ्या पडतात आणि बोट लावलं की हातात येतात. आजूबाजूला कुणाकडे काकडीचे वेलही नाहीत, तुलना तरी कशाशी करणार?

काल सगळे वेल ओढून काढले आणि न्हाणीघरात जाऊन रडले. बाहेर आले तर हे पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. माझ्या पायांचा चिखल धुतला आणि दुकानात निघून गेले. तू म्हणतेस तेच खरं असावं, माझा हातच तसा. साठ वर्षांची झाले, मूल झालं नाही, आणि आता एक काकडीही नाही. हे फक्त तुलाच लिहू शकते. आता मी नाद सोडला.

तुझी,
ठकू


ता. २४ जुलै

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

असं काही लिहीत जाऊ नकोस. सोबत पुडीत दुधीच्या बारा बिया पाठवते आहे. आईच्या वेलाच्या आहेत, बाजारात मिळायच्या नाहीत. रात्रभर भिजव, सहाच लाव आणि या वेळी कुजलेलं जुनं खतच घाल. या जातीला ताजं चालत नाही. फुलांना अजिबात हात लावू नकोस. याला सगळी फुलं लागतात. मांडव भक्कम कर, फळं जड येतात.

बघ, या वेळी तुझ्या दारी काय दिसतं ते.

तुझी,
ताई


ता. ५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, सात दुधी! मांडवाखालून वाकून जावं लागतं. कोवळे, पोपटी, लव असलेले, हात लावला तर बाळाच्या पोटरीसारखे लागतात. घड्याळजी रोज सकाळी फीत घेऊन पहिल्याची लांबी मोजतात आणि कॅलेंडरवर लिहून ठेवतात. कंडक्टर स्वतः दारातून आत आले आणि म्हणाले, की वहिनी, हा वेल बघून माझी टोपी उतरली. मी सांगितलं की बी माझ्या ताईचं आहे.

सतरा तारखेला रविवार आहे, त्या दिवशी पहिला दुधी काढायचा. कंडक्टर जाता जाता म्हणाले की चिरल्यावर कच्ची फोड जिभेला लावून बघा, एखादा कडू निघतो आणि कडू दुधी पोटात जाऊ द्यायचा नसतो. खरं आहे का गं? तुझ्या उत्तराची वाट बघते. तू इथे असायला हवी होतीस, पहिला घास तुझा होता.

तुझीच,
ठकू


ता. ११ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

आईच्या वेलाचा दुधी चाखून बघायची गरज नाही. खुशाल करा आणि पोटभर खा.

तुझी,
ताई


ता. २ नोव्हेंबर

ताईस,

त्या रविवारी मी दुधी काढला, चिरला आणि फोड तोंडाकडे नेली होती. पण तुझं पत्र खिडकीत होतं, म्हणून तशीच पातेल्यात टाकली. जेवायला बसलो. पहिल्याच घासाला माझी जीभ आक्रसली. मी थुंकले आणि म्हणाले की टाकून देऊ. हे म्हणाले, कडू कुठाय, तुझ्या जिभेलाच चव राहिली नाही. आपलं ताट संपवलं, मग माझंही ओढून घेतलं, आणि हसत हसत शेवटच्या फोडीपर्यंत खाल्लं. फेब्रुवारीपासून माझी मेहनत वाया जाताना त्यांनी पाहिली होती.

चार वाजता उलट्या सुरू झाल्या, सहाला रक्त पडलं. कंडक्टरांनी रिक्षा आणली. अकरा दिवस रुग्णालयात. रक्तदाब इतका खाली गेला, की मेंदूला रक्त पोचेना. जीव वाचला, पण उजव्या हातातली ताकद परत आली नाही. डॉक्टर माझ्यावर ओरडले की एवढं कडू कोणी गिळतं का. यांनी त्यांना सांगितलं, की मला कळलंच नाही.

कंडक्टर रोज डबा आणत. बी कुठून आलं असं त्यांनी विचारलं, म्हणून मी पिशवीतली तुझी पत्रं त्यांना दिली. बाकावर बसून त्यांनी सगळी वाचली. मग विचारलं, की तुमच्या ताईंची स्वतःची बाग कशी आहे? मी म्हणाले, उत्तम. त्यांनी पत्रं घडीवर घडी घालून परत दिली आणि म्हणाले, की तीस वर्षं विनातिकीट माणसं पकडली, पण इतक्या सुवाच्य अक्षरात कोणी फसवलेलं पाहिलं नाही. ताज्या शेणाने मुळं जळतात. खुडायला लावलेल्या त्या फुलांवाचून काकडी धरतच नाही. आणि कडवटपणा बियातून येतो. हे सगळं त्यांनी मला पहिलीतल्या मुलीला समजवावं तसं समजावलं.

मला एकच कळव. तुला माहीत होतं?

ठकू


ता. १० नोव्हेंबर

चि. ठकूस,

माहीत होतं. शेणाचं, फुलांचं आणि बियाचंही. तो दुधी आईच्या वेलाचा नव्हता. कुंपणात आपोआप उगवलेला कडू वेल होता. मी तो उपटला, पण एक फळ वाळवून ठेवलं. कशासाठी, ते ठेवतानाच माझ्या मनात होतं. तुम्ही एक घास घ्याल, थुंकाल, आणि तू पुन्हा रडशील, एवढंच मला हवं होतं. कोणी कोणासाठी दोन ताटं कडू गिळेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. माझ्यासाठी कोणी गार चहासुद्धा प्यालेलं नाही.

आता का ते ऐक. आई तीन वर्षं अंथरुणात होती. तिला कुशीवर मी वळवत होते, चादरी मी धूत होते, शिवणाचा वर्ग बंद करून सगळं मी केलं. तू शेवटच्या गुरुवारी बॅग घेऊन आलीस. मी पाण्याचं घमेलं घेऊन दारात उभी होते. आईने तुझा हात गालाला लावला आणि म्हणाली, की तू होतीस म्हणून मी निभावले, सगळं तूच केलंस गं माझं. आणि तू मान हलवलीस. नाही म्हणाली नाहीस. मी आहे दारात, एवढंही म्हणाली नाहीस. दुसऱ्या दिवशी ती गेली. नऊ वर्षं ते वाक्य माझ्याबरोबर उठतं आणि झोपतं.

मेहुण्यांचं ऐकून हातातून सुई गळाली. त्यांचं वाईट मी कधीच चिंतलं नव्हतं.

ताई


ता. २५ नोव्हेंबर

ताईस,

त्या गुरुवारी थंडी होती. मी आल्याबरोबर खुंटीवरचा तुझा स्वेटर घातला होता, आठवत असेल तर बघ. आईला त्या दिवशी नुसत्या आकृत्या दिसत होत्या. तिने हात धरला, बाही चाचपली आणि तुझ्या स्वेटरचा वास घेतला. ती तुझ्याशी बोलत होती. मान मी हलवली. तू घमेलं ओतायला गेलीस तेव्हा तिने विचारलं, की मोठे, धाकटी आली नाही ना गं अजून?

मी नाही म्हणाले.

मी आलेय हे तिला कळलंच नाही. तिचं ते बोलणं तुझं होतं, ताई, आणि मी ते तुला द्यायला हवं होतं. दहा वेळा लिहायला घेतलं. पण मला तिच्याकडून आलेलं शेवटचं तेवढंच होतं, म्हणून चुकून मिळालेलं ठेवून घेतलं. हे तुझं ओझं हलकं करायला लिहीत नाही. कशासाठी तू नऊ वर्षं जळलीस आणि कोणाचा हात निकामी केलास, ते तुला नीट कळावं म्हणून लिहिते. आता बस त्याच्याबरोबर.

यांनी दुकान बंद केलं. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरता येत नाही. सुटे भाग काल एका पोत्यात भरले. तुझं त्यांना काहीच सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्यांच्या लेखी तू चांगली आहेस. ते तसंच राहू दे, मला त्यांच्यापासून आणखी काही काढून घ्यायचं नाही. माझ्याकडून हे शेवटचं पत्र. तू लिहिलंस तर न फोडता परत येईल.

हे खाली दोन ओळी लिहायचा हट्ट धरून बसलेत. कागद दुमडून देते, म्हणजे वरचं दिसणार नाही.

ठकू


ती. ताईंस घड्याळजींचा सा. न.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नका. ठकू दिवस दिवस गप्प असते. मांडव स्वतः कुऱ्हाडीने तोडला. त्या दुधीसाठी ती स्वतःला दोष देते असं मला वाटतं. माझं ती ऐकत नाही. तुम्हीच तिला दोन शब्द लिहा, म्हणजे तिला बरं वाटेल. सगळं ती तुम्हालाच तर सांगते. उन्हाळ्यात राहायला या, मागची खोली तुमच्यासाठी मोकळी करून ठेवलीय.