जोडव्याखालचं बोट

बाबा, आज सकाळी तुमच्या जावयांनी माझ्या तळपायाखाली आरसा धरला. आईसारखी मलाही शुगर निघाली, त्याला आता सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला लावले, तळव्याला नायलॉनचा बारीक दोरा टेकवला आणि विचारलं, "कळतंय का?" जिथे त्यांनी दोरा लावलाच नव्हता तिथे मी मोठ्या उत्साहानं "हो" म्हणाले. तेव्हापासून आमच्याकडे रोज पाय बघायचा कार्यक्रम असतो. जावई खाली बसतात तेव्हा त्यांचे गुडघे वाजतात, आणि आरसा असा धरतात की मला माझा पाय सोडून वरचा पंखा दिसतो. आज मी आधी हसले आणि मग मला रडू आलं. तुमचा हात आठवला.

महाल वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांवरची ती गच्ची. मे अखेरचा नवतपा चालू होता आणि आई कुरडया घालायला वर गेली होती, अर्थात अनवाणी, कारण वाळवणाजवळ चप्पल नेलेली तिला चालत नसे. चांगली अर्धा तास ती तापलेल्या स्लॅबवर उभी राहिली, खाली आली, माठातलं पाणी प्यायली आणि पोळ्या लाटायला बसली. तुमचं लक्ष फरशीवर गेलं. दारापासून चुलीपर्यंत ओले ठसे होते. "पाय धुतले का वं?" तुम्ही विचारलंत. "नाही जी, काहून?" ती म्हणाली. तिच्या दोन्ही तळव्यांना फोड येऊन फुटले होते आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "यांच्या पायांना आता दुखणं कळत नाही. घरातल्या कोणीतरी रोज डोळ्यांनी बघायचं. साधी जखम चिघळली तरी पाय कापावा लागतो." पायातली जोडवी काढा, असंही ते म्हणाले. आईनं तेवढं ऐकलं नाही. "तुमी असतानी कशी काढू?" असं ती म्हणाली.

तुम्ही बुटीबोरीच्या कंपनीत कापड तपासायचात. काचेच्या टेबलाखाली दिवा, वरून कापड सरकत जाणार, आणि जिथे धागा चुकला असेल तिथे तुम्ही खडूची खूण करणार. दुसऱ्या दिवसापासून आईचे पायही तुम्ही तसेच तपासू लागलात. कंपनीची बस यायच्या आधी, मागच्या दाराच्या उजेडात, आई स्टुलावर आणि तुम्ही खाली. दाढीचा आरसा तळव्याखाली धरायचा, कुठे गरम लागतं का ते पालथ्या हातानं पाहायचं, जुन्या धोतराच्या फडक्यानं बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. मग जोडवं हळूच सरकवून त्याच्या खाली पाहायचं. शेवटी चप्पल उलटी करून झटकायची आणि आत बोट फिरवायचं. एकदा त्यात स्टेपलरची पिन निघाली, तर पदक मिळाल्यासारखी ती तुम्ही दोन दिवस सगळ्यांना दाखवत होतात. हे सगळं झालं की कॅलेंडरच्या त्या तारखेवर लाल पेन्सिलीची खूण.

आत्याला हे अजिबात खपत नव्हतं. "बायकोच्या पायाले हात लावते का कोनी? तिलेच पाप लागन!" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दिवसभर लोकायचं कापड पाह्यतो मी, अक्का. घरच्या बाईचा पाय पाह्यला तं पाप काहून?" आई लाजेनं अर्धी व्हायची. आणि खरं सांगायचं तर माझीही अवस्था तीच होती. मैत्रिणी आल्या की मी मागच्या दाराचा पडदा ओढून घ्यायचे. तुम्ही मला एवढंच म्हणालात, "परदा काहून लावून राहिली? उजेड जाते ना." तुमचं हे बोलणं मला अजून टोचतं.

मग काकांच्या मुलीचं लग्न निघालं, वर्ध्याला. आईला प्रवास नको म्हणून तुम्ही एकटेच चार दिवस जाणार होतात. मी बावीस वर्षांची, परीक्षेसाठी घरी थांबलेली. निघताना आरसा माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, "जोडवं सरकवून पाहाजो, बाई. बाकी काही राह्यलं तं राहू दे." पहिल्या दिवशी आईच म्हणाली, "जाऊ दे वं, अभ्यास कर." मला तेच हवं होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी, तुम्ही यायच्या तासभर आधी, मी निळ्या पेनानं चारही तारखांवर खुणा करून टाकल्या.

तुम्ही पिशवी खाली ठेवलीत आणि हातपायही न धुता आईसमोर बसलात. उजव्या पायाचं जोडवं सरकेना. बोट सुजून काळं पडलं होतं. दवाखान्यात सोनारालाही बोलवावं लागलं. त्यानं जोडवं कापलं तेव्हा आईचं पाऊल तुम्ही मांडीवर धरलं होतं, आणि ती रडत होती ती बोटासाठी नाही, जोडव्यासाठी. "मी तुह्यासमोर जित्ता बसून राह्यलो ना? मंग?" असं म्हणून दुसऱ्या पायातलंही तुम्हीच काढलंत. बोट गेलं. आणखी दोन दिवस गेले असते तर घोट्यापासून पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. आणि तुम्ही डॉक्टरांना, आत्याला, कंपनीतल्या लोकांना, सगळ्यांना एकच सांगत राहिलात, "माह्यीच नजर चुकली. लग्नाले जायच्या आधीचंच असन थे." मी शेजारी उभी होते.

त्यानंतर अकरा वर्षं तुमची एकही सकाळ चुकली नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी बायका आईजवळ बसल्या आणि रीतीप्रमाणे आत्या जोडवी काढायला वाकली. तिचा हात त्या रिकाम्या जागेवर थांबला. आई शांतपणे म्हणाली, "थे त्यायनंच काढले होते, अक्का." मग ती कोणाचा हात न धरता उठली आणि तुमच्यापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेली. पुढे शेवटपर्यंत तिनं दोन्ही पायांनी घर चालवलं. बाबा, तिची ती चाल तुम्ही राखलीत. याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही, म्हणून आज लिहिते आहे.

आई गेल्यावर तुमचा दाढीचा डबा माझ्याकडे आला. त्यात आरसा होता, कापलेलं जोडवं आणि त्याची जोडी होती, आणि खाली घडी घातलेलं कॅलेंडरचं एक पान. लाल खुणांच्या मध्ये चार निळ्या, एकाच पेनाच्या, एकाच घाईच्या, दुसरी काढताना पहिलीच्या ओल्या शाईवर हात घासलेला. अख्ख्या ताग्यातला एक चुकलेला धागा पकडणारा माणूस तो. तुम्हाला त्याच दिवशी कळलं असणार. आयुष्यात तुम्ही एकच खोट पास केलीत, बाबा, आणि ती माझी. तेवढ्या बळावर मी उभी राहिले, संसार केला, आईचे पाय नंतर सात वर्षं रोज पाहिले.

हे पत्र मी त्याच डब्यात ठेवणार आहे. पानावर जे दिसत नाही ते मात्र इथे लिहायलाच हवं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आईच्या पायाशी बसून मेथी निवडत होते, तेव्हा मला वास आला होता. मी उठले, खिडकी उघडली आणि परत येऊन मेथी निवडत बसले.