खंडेनवमीपुरती हत्यारे

सर, आपल्याला जाऊन इतकी वर्षे लोटल्यावर लिहायला बसण्याचा आगाऊपणा करते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. मजकुराबद्दल क्षमा मागणार नाही.

भाषावार राज्ये झाल्यावर मध्य प्रदेशात, जबलपुरात उरलेल्या आपल्या मराठी शाळेत आपण विज्ञानाच्या तासाला कारागिरी शिकवू लागलात, तेव्हा कारखान्यांत काम करणाऱ्या पालकांनी आपले फार कौतुक केले. वीज शिकायची तर मुलांनी स्वतः तारेला तापल्या कथलाचा डाख द्यायचा, तरफ शिकायची तर पकड हातात घ्यायची. पण कोणी? गणितात नापास होणाऱ्यांनी. माझी बाकावरची मैत्रीण त्यांतली. तासावरून परतली की ती मला चिडवी, "काय दीदी, काहून पाठ करून राहिली अजून? आम्ही तर विजेची घंटी वाजवून बी आलो!" ती घंटी मी अर्ध्या रिकाम्या वर्गात, पुस्तक उघडे ठेवून ऐकलेली असे. मलाही ती वाजवायची होती.

खंडेनवमीला मात्र आपण मलाच बोलावता. पहिल्या आलेल्या मुलीने हत्यारांची पूजा करायची, हा आपला रिवाज. मी कानशीला हळदकुंकू लावते, झेंडू वाहते, आणि न राहवून पकड उचलून एक तार वाकवू पाहते.

"ठेव ती खाली. आज हत्यारं विसाव्याला असतात."

"मग उद्या, सर?" आपल्याला मी उलटून विचारलेला तो एकमेव प्रश्न.

आपण सगळ्यांदेखत हसलात. "उद्या? अगं, हे नापासांच्या पोटापाण्याचं आहे. तू कशाला हात काळे करतेस? शाळा तुझ्या गुणांवर उभी आहे."

मैत्रीण शेजारीच उभी होती. एका वाक्यात आपण तिची किंमत ठरवलीत आणि माझे हात निकामी केलेत. लोक याला दूरदृष्टी म्हणत. आपल्या शोकसभेत मीही तसेच म्हणाले; भाषण उत्तम पाठ होते.

आता तो तास माझ्याकडे आहे. पहिल्याच दिवशी मी जाहीर केले, की वर्गातल्या प्रत्येकाने, पहिल्या येणाऱ्यांनीसुद्धा, डाख द्यायला शिकायचे. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "चलो मॅडमजी, आधी तुम्हीच करून दाखवा ना!" मी हात पदराआड घेतला आणि भाजला आहे म्हणून सांगितले. पुढच्या आठवड्यातही तेच सांगितले.

हे पत्र कोणत्याही पेटीत पडणार नाही, म्हणून एवढे लिहिते. हात भाजलेला नाही, सर. तो कधी भाजलाच नाही.